दिघेकाकांनी जोडलेलं शेवटचं पान

काका, मला किळस आली आहे.

हे वाक्य तुम्ही खोडलं असतंत. "सुरुवातीलाच ओकायचं नसतं गं, पहिले दोन घास तर जाऊ देत वाचणाऱ्याच्या पोटात," असं म्हणाला असतात. पण तुम्हीच नाही आहात, आणि तुमचं खोडायचं काम आता कोणाकडे द्यायचं हे समितीने अजून ठरवलेलं नाही. तेव्हा राहू दे ते वाक्य.

आठ दिवसांपूर्वी, रविवारी तुमची शोकसभा झाली. आपल्याच वाचनालयात, नया बाज़ारच्या त्या वरच्या हॉलमध्ये. तुमचा एकट्याचा फोटो कोणाकडेच नव्हता. शेवटी वर्धापनदिनाच्या एका जुन्या ग्रुप फोटोतून तुमचं डोकं कापून मोठं केलं, तर शेजारच्याचा खांदा तुमच्या कानाला चिकटून आला. तो खांदा कोणाचा, यावर पुढच्या रांगेत दहा मिनिटं चर्चा झाली. नंतर तुमच्याविषयी जे बोललं गेलं त्यापेक्षा ती चर्चा जिवंत होती.

मग भाषणं. एकूण पाच. त्यातल्या तिघांनी फणस आणला. ग्वाल्हेरात फणस बघायला मिळायची मारामार, पण कोणी खडूस माणूस मेला की आपल्या लोकांना तो हमखास मिळतो. वरून काटेरी, आत गोड गरे. "दिघे म्हणजे एकाकी जीव. स्वतःच्या कोशात गेलेला माणूस. पण वाचनालयाच्या मायेने हळूहळू फुलला." हे अध्यक्ष म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि आमच्या या तरुण मुलीने तर त्यांच्या शेवटच्या वर्षांत उजेड आणला." सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. ओल्या डोळ्यांनी. मागच्या एका काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला तो हात झटकावासा वाटला, काका. झटकला नाही. तुम्ही शिकवलेल्या थोड्या गोष्टींपैकी ती एक.

हे कथानक तुमच्या ओळखीचं आहे. दोन वर्षं आपण त्याच्यावरूनच भांडलो.

पहिल्यांदा तुम्हाला पाहिलं तेव्हा तुम्ही मागच्या खोलीत जमिनीवर बसून खळ ढवळत होतात. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. पोस्टातल्या सॉर्टिंगमधून निवृत्त झाल्यावर वाचनालयाची फाटकी पुस्तकं तुम्ही फुकट बांधून द्यायचात. समोर दाभण, दोरा, पुठ्ठे आणि कादंबऱ्यांची चळत. त्या चळतीत दहातली सात पुस्तकं एकाच जातीची. एक तिरसट, एकटा माणूस. शेजारी राहायला आलेलं कुटुंब, किंवा एखादी विधवा, किंवा कुत्रा. माणूस आधी दार लावून घेतो, मग खिडकी उघडतो, मग रडतो, मग सगळ्यांसोबत जेवतो. आपल्याकडच्या लेखकांनी लिहिलेल्या, बाहेरून अनुवाद होऊन आलेल्या, सगळ्यांचा सांगाडा एक. आणि सगळ्यांची शेवटची पानं फाटलेली, कारण लोक तीच पुन्हा पुन्हा वाचतात.

मी म्हणाले, "ही असली पुस्तकं बांधता कशाला? रद्दीत द्या."

तुम्ही वर बघितलंत. "तू कोण?"

मी बाबांचं नाव सांगितलं.

"अच्छा, पत्रकवाल्यांची. मग बरोबर. तुमच्या घरात तर पान दोनच बाजूंचं असतं. पुढे काय होतं त्याची आदतच नाही तुम्हाला."

खरं होतं. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. गिरणी बंद पडल्यावरही बाबा पत्रकं काढत राहिले. माझं बालपण त्यांच्या घड्या घालण्यात गेलं. वाचायला शिकले तीही मागण्यांच्या यादीवरून. एक, दोन, तीन, आणि खाली "अन्यथा". गोष्टीत "अन्यथा" नसतं, याचा मला लहानपणापासून राग आहे.

त्या दिवसापासून दर शनिवारी मी यायला लागले. भांडायला.

माझं म्हणणं तुम्हाला पाठ होतं, तरी एकदा नीट लिहिते, कारण तोंडी तुम्ही मला कधी पूर्ण करू दिलं नाहीत. या कादंबऱ्या खोटं बोलतात. त्यांतल्या एकट्या माणसाचं दुःख नेहमी खाजगी असतं. बायको गेलेली असते, मूल गेलेलं असतं. गाव मात्र निष्पाप. गाव वाटी घेऊन दारात उभंच आहे, फक्त या खवचट माणसाने कडी काढायची. "काका, दार नेहमी आतून बंद असतं यांच्यात," मी म्हणायचे. "बाहेरून कडी घातलेली एक कादंबरी दाखवा मला. एक!"

"तू खामोखा भडकतेस. वाचणाऱ्याला दार उघडलेलं पाहिजे असतं."

"म्हणजे गुंगीचं औषध."

"दिवसभर खपलेल्या माणसाने रात्रीही जागंच राहायचं, असा काही नियम काढलाय का तुमच्या पत्रकात?"

"तुम्हाला स्वतःला आवडतात का या?"

तुम्ही दोरा दातांनी तोडलात आणि म्हणालात, "लोकांना आवडतात."

कोणत्या लोकांना, हे मी विचारलं नाही. मला वाटलं मला माहीत आहे.

आता ते पान. वर्षभरापूर्वी मी या जातीच्या कादंबऱ्यांवर एक झोडपणारा लेख लिहायला घेतला होता. त्यासाठी नमुना निवडला तो सर्व्हेअरचा. तुम्हाला आठवत असेल, घाटावरच्या एका गावात निवृत्त सर्व्हेअर राहतो, गावाशी चाळीस वर्षं बोलत नाही, आणि शेवटच्या पानावर सगळं गाव त्याच्या दारात येतं. आपल्या वाचनालयातल्या प्रतीला मूळचं शेवटचं पान नव्हतंच. तिथे तुमच्या हातचं पान होतं. निळी शाई, पोस्टातलं गोल अक्षर, रेषा न आखताही सरळ ओळी. अशी पानं तुम्ही कितीतरी पुस्तकांना जोडली होती. दुसरीकडून प्रत मागवायची, हरवलेलं पान उतरवून घ्यायचं आणि आत शिवायचं. वाचणाऱ्यांना त्याची इतकी सवय की छापील कुठे संपलं आणि दिघे कुठे सुरू झाले, हे कोणी बघतही नसे.

इंदूरला मावशीकडे गेले तर तिच्या कपाटात हीच कादंबरी, धडधाकट. उतारा पडताळायला उघडली. छापील पानावर गाव दारात येतं, सर्व्हेअर दार उघडतो आणि म्हणतो, "मला माफ करा, मीच तुम्हाला ओळखलं नाही." मग सगळे रडतात. संपलं.

तुमच्या पानावर, दार उघडायच्या आधी, गावातला सगळ्यात म्हातारा माणूस दारावर हात ठेवून म्हणतो, "चूक तुमची नव्हती, आमची होती. माफी आम्ही मागायची."

हे वाक्य पुस्तकात नव्हतं, काका. ते तुम्ही घातलंत.

इंदूरहून परतल्यावर आलेल्या शनिवारी मी तावातावाने आले. तुम्ही चष्मा पुसत राहिलात.

"हे खोटं आहे! लेखकाच्या नावावर तुम्ही आपलं वाक्य खपवलंत."

"वाईट आहे का वाक्य?"

"वाक्य चांगलं आहे. म्हणूनच वाईट आहे! त्या गुळचट पुस्तकाला तुम्ही इमानदार करून ठेवलंत. लोकांना वाटणार, पुस्तकच असं आहे."

"मग तुझा फायदाच ना. एक तर कादंबरी झाली तुझ्या मनासारखी."

"अशी चोरून? सांगा ना समितीला तोंडावर."

तेव्हा तुम्ही हसला नाहीत. "तोंडावर एकदा सांगितलं होतं," एवढंच म्हणालात आणि खळीचा डबा बंद केलात.

तोंडावर काय सांगितलं होतंत ते मला बाबांकडून कळलं. किशन तेव्हा वाचनालयाचा शिपाई होता. कपाटं पुसायची, पुस्तकं लावायची, सभासदांना चहा द्यायचा. वर्धापनदिनाला पंगत बसायची, आणि किशनचं जेवण सगळं आटोपल्यावर, जिन्याच्या वळणावर, त्याने घरून आणलेल्या ताटात. वर्षानुवर्षं. कोणाला त्यात काही खटकत नव्हतं. एका वर्षी तुम्ही वाढलेली पत्रावळ उचललीत, जिन्याच्या वळणावर गेलात आणि किशनशेजारी बसलात. कोणीतरी हाक मारली तर म्हणालात, "इथे बसलेल्याला भाजी वाढा, मग मी वर येतो." भाजी आली नाही. पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावणंच आलं नाही. मग सत्यनारायणाचं येईना, मुंजीचं येईना. कोणी भांडलं नाही, कोणी काही बोललं नाही. आपले लोक सभ्य आहेत. तुमच्या आई गेल्या तेव्हा तेराव्याला मोजून सात माणसं होती, असं बाबा म्हणाले.

आणि मग हळूहळू हेच लोक म्हणायला लागले, "दिघे जरा एकलकोंडेच. माणसांची आवड नाही त्यांना."

याला म्हणतात कादंबरी. जे बाहेरून कडी घालतात तेच नंतर सांगत सुटतात की आत राहणाऱ्याला वाऱ्याचा तिटकारा आहे. हे कळल्यावर मी आठवडाभर नीट जेवले नाही. मी तुम्हाला म्हणाले, आपण पत्रक काढू, मी लिहिते, बाबा छापतील. तुम्ही म्हणालात, "किशनला विचारलंस?"

"त्याच्या बाजूनेच तर आहे!"

"हो. पण विचारलंस का?"

नाही विचारलं. पत्रक राहिलं. तुम्ही भ्यायलात असं मी तुमच्या तोंडावर म्हटलं, आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत.

पण माझ्या बाबांची तीस वर्षांची पत्रकं घरात पिशव्यांमधून उंदरांच्या तोंडी चालली होती, ती तुम्हीच मागून नेलीत. तीन खंड बांधून दिलेत, लाल कापडी पाठीचे, आतल्या प्रत्येक घडीला पातळ कागदाची पट्टी लावून. बाबांनी ते मांडीवर घेतले आणि कितीतरी वेळ उघडलेच नाहीत. "एकेकटं पत्रक एका दिवसात विरून जातं, पत्रकवाले," तुम्ही त्यांना म्हणालात, "पण तीस वर्षांची एकत्र बांधली की कळतं, तेच तेच छापलंय." बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला. मी तुमचे आभार मानले नाहीत. त्या शनिवारी आपलं कुठल्यातरी कुत्र्याच्या कादंबरीवरून भांडण चालू होतं, आणि आभार मानले तर माझी बाजू लंगडी पडेल असं मला वाटलं. असे हिशेब मी करते.

पुढचं लिहायला हात मागे येतो आहे.

दिवाळीनंतर तुम्ही म्हणालात, "एकदा घरी ये गं. दौलतगंजला, बांगडीवाल्याच्या वर. पोहे करतो, चांगले होतात माझे."

आणि मी म्हणाले, "काका, मी तुमच्या कादंबरीतली मुलगी नाही. एकट्या म्हाताऱ्याला माणसात आणणारी."

मला ते वाक्य फार टोकदार वाटलं होतं. मनातल्या मनात मी त्याखाली रेघही मारली. तुम्ही पुठ्ठ्याचा कोपरा मुडपत म्हणालात, "बरं. नको आणूस माणसात. पोहे खा आणि जा." मी हसले. आले नाही. नंतर तुम्ही बोलावलं नाहीत.

पुढे थंडीत तुम्ही आजारी पडलात. वाचनालयाच्या ग्रुपवर बातमी आली, त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली, लवकर बरे व्हा, काळजी घ्या, आणि मध्येच कोणाचं तरी भजन. मीही लिहिलं, "काका, काही लागलं तर कळवा." ओकारी यावी असं वाक्य आहे ते. ज्याला लागतंय त्यानेच कळवायचं. ती नऊ दिवसांची गोष्ट होती. दौलतगंज माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं आहे. दहाव्या दिवशी ग्रुपवर पुन्हा जोडलेले हात आले, या वेळी तुम्ही गेलात म्हणून.

तर या पार्श्वभूमीवर ती शोकसभा.

भाषणं संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, "दिघ्यांची आवडती कादंबरी मी शोधून आणली आहे. तिचा शेवट वाचून त्यांना श्रद्धांजली वाहू या." आणि त्यांनी सर्व्हेअर उघडला. वाचनालयाचीच प्रत. चष्मा सरसावला. अध्यक्ष वाचतात छान, नाटकातला माणूस. गाव दारात आलं, म्हाताऱ्याने दारावर हात ठेवला, आणि अध्यक्षांनी आवाज खाली आणून, थांबून, एकेक शब्द सुटा करत म्हटलं, "चूक तुमची नव्हती. आमची होती. माफी आम्ही मागायची."

हॉलमध्ये हुंदके आले. ज्या पंगतीतून तुम्ही उठला होतात, तिच्यात पान मांडून बसलेले निम्मे लोक समोर होते, आणि ते कुठल्यातरी घाटावरच्या सर्व्हेअरसाठी रडत होते. अध्यक्षांनी पुस्तक मिटलं. "काय लिहितात एकेक जण! वा!"

मी उभी राहिले. ठरवलं नव्हतं. "ते वाक्य पुस्तकात नाही," मी म्हणाले. "ते पान हाताने लिहिलेलं आहे, बघा. ते काकांनी घातलंय. तुम्ही कोणीतरी कधीतरी म्हणाल म्हणून त्यांनी वाट बघितली, आणि कोणी म्हटलं नाही म्हणून शेवटी स्वतःच लिहिलं. कोणी कोश विणला नव्हता. तुम्ही बोलावणं बंद केलंत. आजारपणाचे नऊ दिवस त्यांच्या दारात एक माणूस गेलं नाही. एक माणूस! मीही नाही. उजेडबिजेड काही आणलेला नाही मी."

एक गृहस्थ म्हणाले, "बेटा, ये मौका नहीं है." अध्यक्षांनी हात वर केला. "तिच्या भावना आपण समजू शकतो. दुःखात माणूस बोलतो. आणि दिघ्यांनी स्वतःच्या मनातलं असं कुठे उतरवलं असेल, तर तेही हृद्यच आहे. हे पुस्तक आपण त्यांची स्मृती म्हणून काचेच्या कपाटात ठेवू." टाळ्या वाजल्या. काका, त्यांनी माझं भाषणही गिळलं. फणसात गरे असतात तशी मी त्यांच्या सभेत बसवली गेले. वर मला कचोरीही देण्यात आली.

मी खाली उतरले. जिन्याच्या वळणावर किशनभैया उभे होते. आता निवृत्त आहेत, केस पूर्ण पांढरे, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. सभेत ते मागे, दाराजवळच्या त्यांच्या जुन्या स्टुलावर बसले होते. मी त्यांना येताना पाहिलं होतं, नमस्ते केलं होतं. मला वाटलं, आता हे माझं कौतुक करणार. खरंच वाटलं, काका. लपवून काय करू?

ते म्हणाले, "बिटिया, एक बात पूछें? बुरा मत मानना. नौ दिन कोई नहीं गया, ये आपने कहा. तो हम कौन थे?"

माझ्या हातात अजून ती कचोरी होती.

"घरवाली रोज़ खिचड़ी लेकर जाती थी. रात को हमारा लड़का सोता था वहाँ. अस्पताल भी हम ही ले गए." ते रागावलेले नव्हते. माहिती दुरुस्त करत होते. "और पहले भी, इतवार का खाना साहब का हमारे यहाँ था. बीस बरस से. आज भी इतवार है, तो घरवाली ने आदत में एक थाली ज़्यादा लगा दी."

हजीऱ्याला, त्यांच्या घरी. दर रविवारी. तुम्ही एकटे नव्हतातच. ग्रुपवर हात जोडणारे आणि मी, आम्ही सगळे एकाच हिशेबाने चाललो होतो, की आमच्यातलं कोणी गेलं नाही म्हणजे कोणी गेलं नाही. अध्यक्षांची मला किळस येते, पण त्यांच्याकडून एवढीच अपेक्षा होती. मी तर समतेची पत्रकं घडी घालत मोठी झालेली मुलगी. आणि भरसभेत, माइक नसताना खणखणीत आवाजात, दाराजवळच्या स्टुलावर बसलेल्या माणसाला मी माणसांतून वजा केलं.

"माफ कीजिए," मी म्हणाले.

"अरे नहीं. साहब कहते थे, लड़की गरम है, पर दिल की साफ़ है." मग म्हणाले, "और वो लाइन. वो साहब की नहीं है. वो तो हमारी घरवाली की है."

म्हणजे असं होतं. रविवारी जेवण झालं की तुम्ही या कादंबऱ्या त्यांच्या घरवालीला, रामकलीभाभींना, हिंदीत वाचून दाखवायचात. समोर मराठी पुस्तक, तोंडाने हिंदी. त्यांना याच आवडायच्या. लोकांना आवडतात, म्हणजे त्यांना. सर्व्हेअर माफी मागतो तिथे त्या चिडल्या होत्या. भांडं आपटून म्हणाल्या होत्या, "ये काहे माँगे? माफ़ी तो उनको माँगनी चाहिए." आणि तुम्ही पुढच्या आठवड्यात पान उतरवताना ते घातलंत.

दोन वर्षं मी तुम्हाला तुमच्याच मनाचा अर्थ समजावत होते. सभेत तर तुमची वाट बघणं, तुमची जखम, सगळं सांगून मोकळी झाले. आणि ती होती एका वाचणाऱ्या बाईची टीका. माझ्या आख्ख्या लेखात जे म्हणायचं होतं, ते त्यांनी एका वाक्यात म्हणून टाकलेलं होतं. चालू कादंबरी ऐकताना, भांडी घासता घासता.

मंगळवारी मी अध्यक्षांकडे गेले. वाटलं, झालेली चूक सुधारावी. ते वाक्य काकांचं नाही, रामकलीभाभींचं आहे, इंदूरला माझ्या मावशीच्या प्रतीत ते नाहीच, कपाटात ठेवायचं तर त्यांच्या नावाने ठेवा, असं मी त्यांना सांगितलं.

"कोण रामकली?"

"किशनभैयांच्या पत्नी."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "म्हणजे आपल्या पुस्तकात तिने... अगं, मग तर ते पान काढायलाच पाहिजे. दिघ्यांचं होतं तोवर ठीक होतं, जुने सभासद. असं उद्या कोणीही लिहील. शनिवारी बैठक आहे, ठराव करून टाकू. मूळ पानाची झेरॉक्स मिळेल ना तुझ्या मावशीकडून?"

बघा काका. हृद्यपासून काढायलाच पाहिजेपर्यंत जायला त्यांना पाणी प्यायलाही थांबावं लागलं नाही. त्या क्षणी मला भाषण येत होतं. तयार होतं, मुद्द्यांसहित. मी ते केलं नाही. पुस्तक अजून काचेच्या कपाटात गेलं नव्हतं, टेबलावरच होतं. मी माझ्या कार्डावर नोंदवून ते घरी आणलं. सभासदाला पुस्तक नेता येतं.

काल रविवारी ते घेऊन हजीऱ्याला गेले. रामकलीभाभींनी मला दारातच वरपासून खालपर्यंत पाहिलं. "यही है भाषणवाली?"

"यही है," किशनभैया म्हणाले.

"दुबली है. आवाज़ कहाँ से निकालती है?"

जेवायला बसवलं. तुमची जागा भिंतीजवळ आहे हे कोणी सांगायला लागलं नाही, मी तिथे बसले नाही. तुमच्याविषयी त्या फारसं बोलल्या नाहीत. तुम्हाला तिखट सोसत नव्हतं आणि तुम्ही ते कबूल करत नव्हतात, एवढं कळलं. जेवण झाल्यावर मी ते पान उघडून दाखवलं, तुमचं अक्षर. भाभींना वाचता येत नाही. किशनभैयांनी मराठी वाक्य अडखळत, बोट ठेवत वाचलं आणि हिंदीत सांगितलं. मी समितीचंही सांगितलं, की शनिवारी हे पान फाडणार आहेत.

पान फाडण्याविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "हमने तो दो बातें कही थीं. दूसरी कहाँ है?"

"दूसरी कौन सी?" मी विचारलं.

"कि माफ़ी माँगें वो लोग. और ये दरवाज़ा न खोले. चालीस साल बाद आए हो, तो खड़े रहो थोड़ी देर बाहर." आणि तुमच्या रिकाम्या जागेकडे बघून त्या करवादल्या, "आधी बात लिख दी. आधी खा गए."

काका, का? दुसरं का नाही लिहिलंत? गावाने माफी मागावी इथपर्यंत तुम्ही आलात, आणि मग नेहमीसारखं दार उघडून दिलंत. वाचणाऱ्याला उघडलेलं दार हवं असतं म्हणून? की तुम्हालाच ते हवं होतं? की कोणी खरंच आलं असतं तर तुम्ही खरंच उघडलं असतंत, आणि त्याची तुम्हाला लाज वाटत होती? आपलं भांडण इथे येऊन थांबलंय, आणि पहिल्यांदाच मला तुमचं उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखं वाटत नाही.

पानाच्या तळाशी तुम्ही चार ओळींची जागा कोरी सोडलेली आहे. मी पेन काढलं आणि भाभींपुढे धरलं. त्यांनी ते किशनभैयांकडे सरकवलं. ज्या वाचनालयाची पुस्तकं तीस वर्षं पुसली, त्यातल्या एकावरही या माणसाने कधी रेघ मारलेली नाही. त्यांनी हात पँटला पुसले, माझ्याकडे पाहिलं, आणि भाभी सांगत गेल्या तसं तुमच्या निळ्या ओळींखाली सावकाश लिहिलं, एकेक अक्षर.

शनिवारी बैठकीच्या आधी मी पुस्तक टेबलावर परत ठेवणार आहे. फाडायचं असेल तर त्यांना पान उघडावं लागेल, आणि उघडलं की शेवटी हे वाचावं लागेल:

"बाहर सब खड़े रहे। उसने सुन लिया। और दरवाज़ा नहीं खोला।"